पांढऱ्यासमोर, काळ्यासमोर

पांढरं

"ही पण?"

"ही पण," भिंग म्हणाली आणि व्हायल लाल ट्रेमध्ये ठेवली.

"हिरवा ट्रे उपाशी मरेल गं आज," शेजारच्या टेबलावरची म्हणाली. तिला सगळे रेडिओ म्हणत. शिफ्ट सुरू झाली की लागायची, शिफ्ट संपली की बंद. "एखादीला तरी पास कर ताई. बिचाऱ्यांच्या आया घरी वाट बघत असतील."

भिंगने पुढची उचलली. इंजेक्शनच्या औषधाची बाटली, अंगठ्याएवढी, आत पाण्यासारखं स्वच्छ औषध. समोर दिव्याची पेटी, पेटीत दोन पाट्या, एक पांढरी आणि एक काळी. व्हायल मनगटाने हलकेच फिरवायची आणि थांबवायची. काच थांबते, पण आतलं औषध अजून फिरत असतं. त्यात काही असेल तर काच थांबल्यावरही ते हलत राहतं. पांढऱ्यासमोर काळा कण दिसतो, काळ्यासमोर पांढरा धागा. काही दिसलं तर लाल ट्रे, नाही दिसलं तर हिरवा.

तिने फिरवली आणि थांबवली. पांढऱ्यासमोर एक काळा ठिपका खालून वर गेला, थबकला आणि सावकाश खाली बसला.

लाल.

क्वालिटीच्या मॅडम आल्या. त्यांनी लाल ट्रेमधली एक व्हायल उचलून दिव्यासमोर धरली, मग दुसरी धरली. चष्मा वर केला, खाली केला.

"मला तर काही दिसत नाहीये."

"आहे मॅडम. काळा आहे, बारीक. थांबल्यावर उजवीकडे सरकतो."

मॅडमनी तिसरी धरली. मग तिन्ही परत ट्रेमध्ये ठेवल्या.

"तुला दिसलं ना? मग आहे," त्या म्हणाल्या. "बॅच थांबवा."

काळं

भिंग हे नाव तिला पडलं तेव्हा ती खोलीतली सगळ्यात लहान होती. एकदा तिने केसाच्या चौथाईएवढा धागा पकडला होता. सगळ्यांनी वेड्यात काढलं, मग सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा निघाला. त्यानंतर तिच्या लाल ट्रेवर कुणी प्रश्न विचारला नाही. नव्या मुली आल्या की त्यांना तिच्या शेजारी बसवत. ती शिकवत नसे. त्यांनी बघायचं आणि शिकायचं. खरं नाव पगाराच्या दिवशी ऐकू यायचं, तेव्हा तिलाच जरा परकं वाटायचं.

त्या आठवड्यात ती जे धरी त्यात तिला कण दिसे, सगळ्यात नाही पण बऱ्याचशात. दुसऱ्यांच्या टेबलांवर तो दिसत नव्हता. कुणी म्हणालं, तिच्याकडेच नेमका घाण माल येतोय. कुणी म्हणालं, दुसऱ्यांना दिसत नसेल. हे दुसरं सगळ्यांना पटलं. रेडिओला तर इतकं पटलं की तिनेही दोनचार व्हायल लाल ट्रेमध्ये टाकल्या.

मग भरण्याची खोली उघडली. नळ्या काढल्या, गाळण्या काढल्या, काही सापडलं नाही. मग धुलाईचं मशीन उघडलं.

धुलाईच्या मशीनवर दादा होता. रिकाम्या व्हायल भरायच्या आधी त्याच्याकडून धुऊन जात. तो मशीनला म्हातारी म्हणायचा. "म्हातारीला आंघोळ घालून येतो," म्हणत शिफ्टवर जायचा. त्यांनी म्हातारी नटबोल्टपर्यंत सुटी केली, तेव्हा आतल्या एका झडपेचं रबर झिजलेलं निघालं. झिजलेलं रबर शोधायला गेलं तर कुठल्याही मशीनमध्ये निघतं. पण शोधलं ते याच मशीनमध्ये.

रबर काळं होतं.

चौकशी पूर्ण होईपर्यंत दादाने घरी बसायचं ठरलं. जाताना तो तपासणीच्या खोलीच्या काचेशी आला. आत यायला त्याला परवानगी नव्हती, म्हणून दारातल्या छोट्या झरोक्यातून बोलला.

"भिंगताई, काय गं, फार मोठे आहेत का कण?"

"नाही दादा. बारीक आहेत."

"मला हाताला कधी लागलं नाही ते रबर." त्याने आपल्या बोटांकडे बघितलं. "पण तुला दिसलं म्हणजे आहेच. माझंच चुकलं असणार. म्हातारीला जरा बरं बघा म्हणावं त्या पोरांना, थंड पाणी एकदम सोडू नका."

तो गेला. भिंगने व्हायल उचलली.

पांढरं

रविवारी सकाळी ती पलंगावर बसून भिंतीकडे बघत होती. भिंतीवर धूर होता. तांबूस, बारीक, वर जाणारा, विझलेल्या उदबत्तीचा असावा तसा.

"काही जळतंय का बघा हो."

नवरा स्वयंपाकघरात जाऊन आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वास घेणं आणि आवाज ऐकणं हा त्याचा धंदाच.

"काही नाही जळत. तूच बघ की, भिंगाचे डोळे तुझे."

तिने डावा डोळा मिटला. धूर गेला. उजवा मिटला, तर धूर परत आला, पण भिंतीचा खालचा अर्धा भाग गेला. तिथे पांढरं नव्हतं आणि काळंही नव्हतं. तिथे काही नव्हतंच.

तिने परत केलं. डावा, उजवा, डावा.

"कुणाला डोळा मारतेयस?" नवऱ्याने विचारलं.

"अर्धी भिंत दिसत नाही."

तो हसणार होता, पण हसला नाही. त्याने भिंतीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"कधीपासून?"

"आत्ताच बघितलं."

"दुखतंय?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"मग हे वाईट आहे," तो म्हणाला. लिफ्टचंही तसंच असतं. करकरणारी लिफ्ट बरी, गुपचूप अडकणारी वाईट. पण हे तो त्या दिवशी बोलला नाही, पुष्कळ नंतर बोलला.

पांढरंच

दिसतं का? किती बोटं? आता? आता? हे अक्षर? नाही दिसत तर नाही म्हणा, अंदाज नको. डोळ्याला कधी मार लागलाय? साखर? रक्तदाब? घरात कुणाला टीबी? तुम्हाला कधी? खोकला? संध्याकाळी अंगात कसर? वजन उतरलंय? तोंडात फोड येतात का, वारंवार? सांधे दुखतात? सकाळी बोटं आखडतात? अंगावर चट्टे? ऐकू नीट येतं? मांजर पाळलंय? गरोदर? काम काय करता? काय तपासता? म्हणजे दिवसभर दिव्याकडे बघता? नाही, त्याने होत नाही हे. त्याने नक्की होत नाही. मग आधी काही जाणवलं नाही? ठिपके? जाळी? डोळ्यासमोर काही तरंगल्यासारखं? नाही? बरं, नीट आठवून सांगा. नाही?

"नाही," ती म्हणाली.

काळं

दुसऱ्या दिवशी डोळ्याचे फोटो काढायचे होते. दंडात रंगाचं इंजेक्शन देतात, रंग रक्तातून डोळ्यात पोचतो आणि मशीन फोटो काढतं. शीर कुठे गळतेय ते रंगाने कळतं.

सिस्टरने ट्रे मांडला. नवरा बाहेर बाकावर बसला होता. डोळ्यात थेंब घालायचे अजून बाकी होते. सिस्टर हातमोजे शोधत असताना भिंगने ट्रेमधली बाटली उचलली. नारिंगी औषध होतं. समोर फोटो लावून बघायची दिव्याची पाटी होती, पांढरी. तिने बाटली तिच्यासमोर धरली, फिरवली आणि थांबवली.

"सिस्टर, ही देऊ नका. यात कण आहे."

"अहो ताई, तुम्ही डोळे दाखवायला आलात की औषध तपासायला?" सिस्टर वळली. "बघू." तिने बघितलं. "कुठे?"

"काळा आहे. थांबल्यावर सरकतो, बघा."

"मला नाही दिसत बाई. पण राहू दे, दुसरी घेऊ. तुमच्या मनात किंतु नको."

दुसरी आली. भिंगने फिरवली, थांबवली. कण खालून वर गेला, थबकला, खाली बसला.

"हिच्यात पण आहे."

"आता मात्र कमाल झाली," सिस्टर हसली. "तुमच्या हातात आली की घाण होते वाटतं."

शेजारी सलाइनची बाटली लटकत होती, साध्या मिठाच्या पाण्याची. भिंगने मान वर करून तिच्याकडे बघितलं. बाटली हलत नव्हती. तिला कुणी फिरवलंही नव्हतं. कण वर गेला, थबकला, उजवीकडे सरकला.

मग तिने हातात काहीच न धरता नुसत्या पाटीकडे बघितलं.

तिथे तो होता. तिने मान हलवली आणि थांबवली. मान थांबली, तो हलत राहिला. हळूहळू, अगदी तसाच.

"ताई? चक्कर येतेय का?"

"नाही."

"घाबरू नका. थोडी मळमळ होते, आणि अंग पिवळं दिसतं दिवसभर. लघवीही पिवळी होते. आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक रात्री फोन करतात."

"सिस्टर, ती पहिली बाटली ठीक आहे," भिंग म्हणाली. "तीच टोचा."

पांढरं

डॉक्टरांनी पडद्यावर फोटो लावले. भिंग आणि नवरा शेजारी शेजारी बसले होते. ती पिवळी झाली होती. "लिंबू शोभतेस," असं तो बाकावर म्हणाला होता, आत आल्यावर गप्प झाला होता.

"हे नेत्रपटल. डोळ्याच्या आतला मागचा पडदा, ज्यावर चित्र पडतं. या त्याच्या शिरा. हा उजवा डोळा, शिरा नीट आहेत. एकदोन जागी शंका आहे, पण नीट म्हणू. आता हा डावा."

डाव्या डोळ्यात शिरांच्या कडेने पांढरं साचलं होतं, नळीवर कापूस गुंडाळावा तसं. रंग शिरांच्या बाहेर झिरपून धुकट डाग पडले होते. एका बाजूला शिरा मध्येच संपत होत्या, पुढे नुसती राखाडी जमीन.

"शिरांना सूज आलीय. रेटिनल व्हॅस्क्युलायटिस म्हणतात याला. दुर्मीळ आहे. इथे रक्त पोचत नाहीये, म्हणून इथे नव्या, कच्च्या शिरा फुटल्यात, आणि त्या गळतात. तुम्हाला धूर दिसला ते रक्त होतं."

"कशाने होतं डॉक्टर?" नवऱ्याने विचारलं.

"कधी टीबीने, कधी शरीर स्वतःवरच उलटतं, कधी कशाने ते कळतच नाही. रक्त तपासू. टीबी नाही हे पक्कं झालं की गोळ्या सुरू करू, स्टिरॉइड. सूज उतरेल. कच्च्या शिरांना लेझर देऊ."

"दुर्मीळ म्हणजे..." नवरा थांबला. "म्हणजे आमच्याच नशिबी का, असं नाही विचारत. पण आम्ही लॉटरी काढत नाही कधी."

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं.

भिंग म्हणाली, "धूर दिसायच्या आधी ठिपके दिसू शकतात का?"

"दिसतातच बहुतेक. रक्ताचे कण डोळ्यातल्या पाण्यात सुटतात, काळ्या माशांसारखे फिरतात. उजेडाकडे बघितलं की जास्त दिसतात. तुम्ही तर म्हणालात, नव्हते."

"होते."

"किती दिवस?"

तिने सांगितलं. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. त्याला वाटलं तिने लपवलं होतं. तो घरी पोचेपर्यंत काही बोलला नाही आणि तिनेही काही समजावलं नाही. पिवळ्या हातांनी तिने भांडी घासली.

काळं

मॅडमच्या केबिनमध्ये:

"बस. किती वाळलीस गं! काय म्हणतात डॉक्टर?"

"मॅडम, व्हायलमध्ये कण नव्हते. कण माझ्या डोळ्यात होते."

मॅडम उठल्या, दार लावलं आणि परत बसल्या.

"हे अजून कुणाला बोललीस?"

"नाही."

"रेडिओला?"

"तिला सांगितलं असतं तर तुम्हाला माझ्याआधी कळलं असतं."

मॅडम किंचित हसल्या. मग हसू गेलं. "नीट ऐक. रबर झिजलेलं निघालंय. ते बदललं. त्यानंतर तू सुट्टीवर गेलीस आणि कणही गेले. कागदावर सगळं जुळतंय. आता तू म्हणतेस डोळा. ठीक आहे, मी मान्य करते. मग मला सांग, याच डोळ्याने तू ज्या व्हायल पास केल्यास त्यांचं काय? ज्यात खरंच काही असेल आणि तुला दिसलं नसेल त्यांचं? दुकानांतून परत मागवायच्या सगळ्या? किती महिन्यांच्या?"

भिंगला हे सुचलं नव्हतं. तिने फक्त लाल ट्रेचा विचार केला होता. आता हिरवा ट्रे डोळ्यांपुढे आला, भरलेला, एकावर एक.

"परत तपासायला पाहिजेत," ती म्हणाली.

"तुझ्यासोबत नेहमी दुसरीने बघितलेल्या आहेत त्या. नमुने काढून तपासलेल्या आहेत. कुणाला काही झालेलं नाही. बरी हो, परत ये. बसायच्या आधी परीक्षा द्यावी लागेल, ती तर दरवर्षी देतेसच. उजवा डोळा चांगला आहे ना? झालं तर. तू एका डोळ्याने पण या सगळ्यांपेक्षा जास्त बघशील. मी काय डोळ्यांची डॉक्टर आहे, किती डोळ्यांनी बघितलंस ते विचारायला?"

"आणि दादा?"

मॅडमनी पेन उचलून परत ठेवलं. "दादांचं वय झालंय. तसंही पुढेमागे घरीच बसायचं होतं त्यांना."

"चोर म्हणून नाही बसायचं."

"चोर कोण म्हणालं? निष्काळजीपणा म्हणालो आपण." त्या टेबलावर पुढे झुकल्या. "हे बघ बाळा, मला तुझी खुर्ची वाचवायचीय. तू माझ्यावर उलटू नकोस."

भिंगला त्यांचा राग आला नाही. राग यायला हवा होता, हे तिला कळत होतं. जेवायची वेळ झालीय हे घड्याळात बघून कळावं तसं.

पांढरं

दादाच्या घरी दादा अंगणात सायकल उलटी करून चाक फिरवत होता. वहिनीने दार उघडं ठेवलं, पण "ये" म्हणाली नाही.

"कोण, भिंगताई? चाकातसुद्धा कण बघायला आलीस की काय?"

तिने उभ्याउभ्याच सांगितलं. डोळा, शिरा, रंग, सलाइनची बाटली. सगळं एका सुरात, जसं डॉक्टरांनी सांगितलं तसं.

चाक फिरत होतं. दादाने ते थांबवलं नाही, आपोआप थांबू दिलं.

"म्हणजे रबराचं काही नव्हतंच?"

"रबर झिजलं होतं. पण व्हायलमध्ये काही आलं नव्हतं."

"मी रोज त्या रबराचा विचार करतोय गं. कधी झिजलं, कसं झिजलं, मला कसं कळलं नाही." त्याने चिंधीने हात पुसले, नुसतेच, स्वच्छ हात. "पोराला सांगून टाकलं मी, बाबा चुकला म्हणून. सुनेसमोर सांगितलं. सांगितल्यावर बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आता परत त्याला सांगू का, की नाही चुकला?"

दारातून वहिनी म्हणाली, "सांगा की. मी तर आधीपासून सांगत होते. माझं कोण ऐकतंय, मी थोडीच भिंग आहे."

"तू गप."

"का गप? तिचा डोळा बिघडला याचं वाईट वाटतंय मला. खरंच वाटतंय. पण तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं, की बाई, तू दुसऱ्या डोळ्याने बघितलंस का?"



"मी मॅडमना सांगितलंय," भिंग म्हणाली. "त्या नाही म्हणतात. पण परीक्षा आहे माझी."

"मग मला कशाला सांगतेस?" दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तिकडे सांग. मी काय तुला पास-नापास करणार आहे?" त्याने सायकल सरळ केली. "जा आता. उन्हात उभी राहू नकोस, डोळ्याला बरं नसेल."

काळं

"हा बधिर करायचा थेंब," लेझरच्या खोलीत सिस्टर म्हणाली. "आता काहीही झालं तरी तुम्हाला काही जाणवणार नाही."

भिंग म्हणाली, "बरं."

पांढरं

परीक्षेचा संच कपाटात कुलपात असतो. त्यातल्या काही व्हायल मुद्दाम बिघडवलेल्या असतात, कुणात काचेचा कण, कुणात धागा, कुणात काळा ठिपका. बाकीच्या निर्मळ. कुठली कुठली ते फक्त मॅडमना माहीत असतं. बिघडलेली सुटली तर नापास. चांगल्या व्हायल फार टाकल्या तरी नापास, कारण सगळंच टाकत सुटणं म्हणजे बघणं नव्हे. आजवर ती नापास झाली नव्हती. नव्या मुलींना तिची परीक्षा बघायला उभं करत, तशा त्या आजही भिंतीशी उभ्या होत्या.

गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झाला होता. रेडिओ आल्या आल्या म्हणाली, "ताई, सुट्टी मानवली हं तुला," आणि मग स्वतःच जीभ चावली.

भिंग बसली. उजवा डोळा लख्ख होता. डाव्यातला धूर उतरला होता, पण खालचा भाग परत आला नव्हता. येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि वर, राहिलेल्या तुकड्यात, कण होते. थोडे कमी झाले होते.

मॅडम तिच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी वाकून, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "डावा मिटून घे."

डावा मिटला की सगळं सोपं होतं, हे भिंगला माहीत होतं. घरी तिने मिठाच्या पाण्याच्या बाटलीवर करून बघितलं होतं. एकही चूक होत नव्हती. ती पास झाली तर डोळा ठीक होता असं ठरेल. डोळा ठीक होता असं ठरलं की रबरच वाईट होतं.

"इथे दोन्ही उघडे ठेवून बघतात ना मॅडम?" ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. मुलींना ऐकू गेलं. "यांनाही तसंच शिकवलंय."

मॅडम सरळ झाल्या.

तिने पहिली उचलली. फिरवली, थांबवली. पांढऱ्यासमोर कण वर गेला, थबकला, सरकला. तो कुणाचा आहे हे तिला माहीत होतं. पण तिला विचारलं होतं ते एवढंच, की दिसतो का.

लाल.

दुसरी. लाल. तिसरी पांढऱ्यासमोर स्वच्छ, काळ्यासमोरही स्वच्छ, हिरवी. चौथी लाल. मागे मुली हलल्याचा आवाज आला. रेडिओ बोलायची थांबली होती. दिवे चालू असताना ती गप्प आहे, असं कुणी पाहिलं नव्हतं. भिंग घाई करत नव्हती. मनगट तसंच हलकं फिरत होतं, व्हायल तशीच अलगद ठेवली जात होती, काचेला काच लागत नव्हती. पाचवी लाल. सहावी लाल. लाल ट्रे भरत आला तशी तिने व्हायल जवळ जवळ सरकवून नव्यांना जागा केली.

संपल्यावर तिने दोन्ही ट्रे मॅडमच्या पुढे सरकवले आणि हात मांडीवर ठेवले.

मॅडम मोजायला लागल्या. थोडं मोजून थांबल्या. पुढचं मोजायची गरज नव्हती.

"लिहा," भिंग म्हणाली. "सगळ्यांनी बघितलंय."

मॅडमनी चष्मा काढला. त्या तिच्यावर चिडतील असं तिला वाटलं होतं. त्या खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या, मुलींकडे पाठ करून. मग त्यांनी लिहिलं.

***

जुन्या बॅच परत तपासायला महिना गेला. मॅडमची बदली झाली. दादाला बोलावणं आलं आणि तो आला. कुणी म्हणालं, आधी नाही म्हणत होता, वहिनीने पाठवला.

भिंगला पॅकिंगच्या हॉलमध्ये खोक्यांवर बसवलं. खोकं उघडायचं, माहितीचा कागद घालायचा, झाकण लावायचं. तिथे तिला कुणी भिंग म्हणत नाही. पहिल्या दिवशी शेजारणीने विचारलं, "जमेल ना मावशी?" ती म्हणाली, "जमेल."

दादा तिच्याशी बोलला नाही. रागावला होता असंही नव्हतं. कँटीनमध्ये समोर आला की मान हलवायचा. तीही हलवायची.

एक दिवस शिफ्ट सुटल्यावर ती फाटकाकडे चालली होती. कारखान्यापासून फाटकापर्यंत रुंद रस्ता आहे आणि सुटायच्या वेळी माणसं दोन्हीकडून पुढे निघतात. डावीकडून येणारं माणूस तिला ऐनवेळी कळतं, म्हणून ती सावकाश चालते. कुणाची सायकल डावीकडून अगदी जवळून गेली आणि ती दचकून थांबली.

मागून दादा येत होता. तो तिच्या डाव्या बाजूला आला होता. तो बोलला नाही, तिने त्याला बघितलंही नाही. पायांच्या आवाजावरून तिला एवढंच कळलं की कुणीतरी आहे.

तो दोन पावलं तसाच चालला. मग थांबला, तिच्या पाठीमागून वळसा घालून उजवीकडे आला आणि तिच्या चालीने चालू लागला.